उद्यमबागेतल्या युनिटला बस लावायची आहे: कामगार कसे येतात-जातात याच्या फॉर्ममध्ये काय विचारायचं?

उद्यमबाग_एचआर

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनिंगचं युनिट आहे. कायम आणि कंत्राटी मिळून ३४० माणसं, त्यात ५२ महिला. पाळ्या अशा: सकाळी ७ ते ३, जनरल ९ ते ५:३०, दुपारी ३ ते रात्री ११. व्यवस्थापन बस लावायला तयार आहे, पण कुठल्या रस्त्याला, किती सीटची आणि कुठल्या पाळीला, ते आकड्यांनिशी मांडा म्हणतंय.

माणसं चारी बाजूंनी येतात. खानापूर रोडवरून मच्छे, झाडशहापूर, देसूर, थेट खानापूरपर्यंतची. जांबोटी रोडवरून नावगे, किणये. इकडून येळ्ळूर, वडगाव, अनगोळ. वरून कंग्राळी, कडोली, काकती. थोडी बाची आणि शिनोळीकडची.

सध्याच्या फॉर्ममध्ये चार प्रश्न आहेत: नाव, गाव, कशाने येता, कंपनीची बस लावली तर याल का. एवढ्यावर मार्ग ठरवता येईल का? शिनोळी महाराष्ट्रात, तिथवर बस न्यायची तर वेगळं काही लागतं का? आणि काही महिलांना दुसऱ्या पाळीत घ्यायचा विचार आहे, त्यासाठी काय धरायचं?

मार्गआखणी

चौथा प्रश्न आधी काढून टाका. "बस लावली तर याल का" याला हो म्हणायला काही पडत नाही. बस फुकट असेल, दारात येईल आणि आपल्याच वेळेला येईल, असं धरून माणूस हो लिहितो. त्या हो वर ४० सीटची गाडी ठरवली की दुसऱ्या महिन्यात निम्म्या सीट रिकाम्या धावतात आणि तिसऱ्या महिन्यात बस बंद होते. पुढे काय कराल यापेक्षा काल काय केलं ते विचारा.

"कशाने येता" हाही फसवा प्रश्न आहे. किणयेच्या आतल्या वस्तीवरचा माणूस चालत रस्त्यावर येतो, वडाप (खासगी शेअर जीप) धरून पिरनवाडीला उतरतो आणि तिथून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून गेटवर येतो. फॉर्मवर तो फक्त "वडाप" लिहील किंवा "इतर". तुम्हाला टप्पे हवेत.

म्हणून फॉर्म शेवटच्या कामाच्या दिवसावर बांधा. घरातून किती वाजता निघालात. पहिली गाडी कुठल्या स्टॉपवर किंवा फाट्यावर धरली. तिथे किती मिनिटं थांबलात. गाडी कुठे बदलली. गेटवर किती वाजता पोचलात. येण्याचे किती रुपये गेले. मग खाली रेघ मारून हेच सगळं परतीसाठी पुन्हा.

परतीचा भाग गाळू नका, बसचं गणित तिथेच सुटतं. दुसऱ्या पाळीचा खानापूरकडचा माणूस दुपारी दोनला आरामात एसटीने येऊ शकतो, तरी तो दुचाकीवर येतो, कारण रात्री ११ ला सुटल्यावर त्याला परत न्यायला काही नसतं. नुसतं येणं विचारलंत तर तो "दुचाकीवाला, बसची गरज नाही" या रकान्यात जाऊन बसतो. खरं तर बसची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे.

गाव विचारू नका, स्टॉप विचारा. मच्छे म्हटलं तर केवढं मोठं. पिनकोडवर तर जाऊच नका. ५९१३०२ हा एकच पिन खानापूरच्या भोवतीच्या कितीतरी गावांना आहे. आधारवरचा पत्ताही चालत नाही, कारण बाहेरगावची पोरं खोली घेऊन दुसरीकडेच राहतात. स्टॉपची छापील यादी द्या आणि त्यावर खूण करायला सांगा. यादीत नसेल तर जवळची ओळखीची जागा लिहू दे: देऊळ, दूध डेअरी, शाळा.

आणखी तीन प्रश्न लागतात.

एक, दुचाकी कामाच्या आधी किंवा नंतर दुसऱ्या कशाला लागते का? डेअरीला दूध घालणं, पोरांना शाळेत सोडणं, शेतावर जाणं. ज्यांचं उत्तर हो आहे ती माणसं बसमध्ये येणार नाहीत, त्यांना सरळ वजा करा.

दोन, मागच्या आठवड्यात किती दिवस ओव्हरटाईमला थांबलात? आठवड्यातले तीन दिवस जो पाळी संपल्यावर दोन तास थांबतो, त्याला ३:१५ ची बस कामाची नाही.

तीन, पावसाळ्यात कसं येता? जून ते सप्टेंबर खानापूर आणि जांबोटीकडचा पाऊस धरला तर हा वेगळा रकानाच हवा. मार्चमध्ये फॉर्म भरून घेतलात तर दुचाकीचा आकडा फुगतो आणि बसचा पडतो. उलट जुलैमध्ये भाताची रोपलावणी असते, हजेरीच कमी असते, तेव्हाचे आकडेही खरे नाहीत. फॉर्म केव्हाही भरा, पावसाचा प्रश्न मात्र ठेवा.

३४० माणसांत नमुना काढायची गरज नाही, सगळ्यांना द्या. एकूण किती फॉर्म आले यापेक्षा प्रत्येक पाळीचे आणि प्रत्येक बाजूचे किती आले ते बघा. जांबोटी रोडचे दुसऱ्या पाळीत १२ जण असतील आणि त्यातल्या चौघांचे फॉर्म नसतील तर तिथला निर्णय अंदाजाने होतो. कुठल्याही गटाचे फॉर्म ८५ टक्क्यांच्या खाली राहू देऊ नका.

शेवटी गेटवर पडताळा घ्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस, पाळीच्या २५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत दोन माणसं उभी करा आणि रेघा मारत मोजा: दुचाकीवर एकटा, दुचाकीवर दोघं, सायकल, चालत, रिक्षा-वडाप, चारचाकी. फॉर्मवर चालत येणारे ३० आणि गेटवर चालत आत शिरणारे ७० असतील, तर वरचे ४० बस किंवा वडापने रस्त्यावर उतरलेले आहेत. हा आकडा फॉर्मवरच्या बस-वडापच्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर फॉर्म कुणीतरी एकाच हाताने भरलेत असं समजा.

लाईन_सुपरवायझर

वरचं सगळं बरोबर आहे. फॉर्म भरून घेताना काय बिघडतं तेवढं सांगतो.

फॉर्मवर नाव नको, टोकन नंबरही नको. पाळी, कायम की कंत्राटी, स्टॉप, वेळा, एवढंच. नाव असलं की उशीर होणारा माणूस खरी वेळ लिहीत नाही, आणि तुम्हाला नेमकी तीच वेळ हवी असते. बस ठरल्यावर पाससाठी नावांची नोंदणी वेगळी करा.

भाषा: एका पानावर मराठी आणि कन्नड दोन्ही, बाहेरच्या राज्यांतली पोरं असतील तर हिंदीची वेगळी प्रत. मोबाईलवरचा फॉर्म ऑफिसवाल्यांना चालतो. शॉपमध्ये कागदच बरा. पाळी सुरू व्हायच्या आधी नको, सगळे पंचिंगच्या घाईत असतात. जेवणाच्या सुट्टीनंतर लाईनवर दहा मिनिटं थांबवून भरून घ्या. कंत्राटी माणसांचे फॉर्म ठेकेदाराच्या मुकादमाकडे गठ्ठ्याने देऊ नका, एकाच पेनाने भरून परत येतात. तुमचा माणूस उभा राहून भरून घेऊ दे.

खर्चाच्या रकान्यात महिलांचे बरेच शून्य येतील. ती चूक नाही, खोडू नका. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की साध्या बसमध्ये शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. म्हणजे मच्छेहून येणाऱ्या बाईला आज प्रवासाला काही खर्च नाही. कंपनीची बस महिन्याला दोन-तीनशे रुपये कापून लावलीत तर ती येईलच असं नाही. आली तर वेळेसाठी किंवा रात्रीच्या सुरक्षेसाठी येईल. म्हणून महिलांच्या फॉर्ममध्ये "भरलेली बस न थांबता गेली असं आठवड्यातून किती वेळा होतं" हा प्रश्न घाला. पैशांपेक्षा तो जास्त बोलका आहे.

शिनोळीकडच्या महिलांचं मात्र वेगळं आहे. पत्ता महाराष्ट्राचा, म्हणून शक्ती लागू नाही. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. हद्दीपासून पुढचं भाडं पूर्ण. एकाच खात्यात शेजारी बसणाऱ्या दोघींचा खर्च इतका वेगळा असतो, म्हणून महिलांची सरासरी काढू नका.

पगारातून बसचे पैसे कापायचे असतील तर प्रत्येकाची लेखी संमती आधी घ्या.

सीबीटी_चौक

स्वतःची बस लावायच्या आधी एक गोष्ट करून बघा, खर्च काही नाही. फॉर्ममधून "बस आहे पण वेळ जुळत नाही" असे किती जण निघतात ते वेगळं काढा.

७ च्या पाळीला ६:५५ ला उद्यमबाग स्टॉपवर येणारी बस असून नसल्यासारखी आहे. स्टॉपपासून गेटपर्यंत चालणं, पंच, कपडे बदलणं, याला १५ मिनिटं जातात. तीच बस ६:३५ ला आली तर तिच्यावर वीस-पंचवीस माणसं भागतात. मागणी अशीच मांडायची: "बस सोडा" असं नको. अमुक फेरी २० मिनिटं अलीकडे घ्या, अमुक स्टॉपवरून इतके प्रवासी, सोबत स्टॉप-वेळ-संख्या असा तक्ता. पत्र वायव्य कर्नाटक परिवहनच्या बेळगाव विभागीय नियंत्रकांना, प्रत आगार व्यवस्थापकांना. खानापूर आगार बेळगाव विभागातच येतं. निपाणी, संकेश्वरकडची मागणी असेल तर ती चिकोडी विभागाकडे जाते, इथे देऊन उपयोग नाही. पत्र कन्नडमध्ये द्या, फाईल लवकर पुढे सरकते. शेजारच्या चार-पाच युनिटच्या सह्या घेतल्यात तर आकडा मोठा दिसतो. सगळ्यांच्या पाळ्या थोड्याफार सारख्याच असतात.

कडोली-काकतीकडच्यांना सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, गाडी बदलावी लागते. त्यांच्या फॉर्ममध्ये सीबीटीवर किती मिनिटं गेली ते नक्की बघा. बहुतेकदा प्रवासापेक्षा तिथलं थांबणंच जड होतं. त्यांच्यासाठी गावापासून बस लावायची गरज नसते, सीबीटी ते उद्यमबाग एवढी एक वेळेवरची फेरी पुरते.

पिवळी_पाटी

गाडी आणि कागदांचं सांगतो.

भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या, कंत्राटी प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली. पांढऱ्या पाटीची क्रूझर किंवा व्हॅन स्वस्त मिळते, पण ती भाड्याने माणसं नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भार तुमच्यावर येतो. कंपनीने स्वतःची बस घेतली तर तिला खासगी सेवा वाहनाचा वेगळा परवाना लागतो. तो भाडं न घेता आपल्याच कामासाठी माणसं नेण्याचा परवाना आहे, त्यावर तिकीट लावायचं नाही.

शिनोळी: फक्त कर्नाटकाचा परवाना असलेली गाडी हद्द ओलांडून प्रवासी घेऊ शकत नाही, महाराष्ट्रात चालणारा परवाना आणि कर हवा. चार-पाच माणसांसाठी तो खटाटोप करू नका. शेवटचा स्टॉप बाचीला ठेवा, शिनोळी तिथून लगेचच पुढे आहे. लोक तेवढं येतात.

सीट ठरवताना जीएसटी बघा. चालक धरून १३ आसनांपर्यंतच्या गाडीच्या भाड्यावर सहसा इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, १३ च्या वरच्या गाडीवर मिळू शकतं. म्हणजे १२ अधिक १ ची गाडी दिसायला स्वस्त, हिशेबात तशी राहतेच असं नाही. तुमच्या सीएकडून दोन्ही आकडे काढून घ्या.

करारात भांडण नेहमी किलोमीटरवरून होतं. मोजणी गाडीच्या गॅरेजपासून की पहिल्या स्टॉपपासून, ते स्पष्ट लिहा. खानापूर रोडची फेरी असेल तर गणेबैलचा टोल कोण भरणार तेही लिहा. गाडी बंद पडली तर किती मिनिटांत दुसरी, हे मिनिटांत लिहा; "तातडीने" या शब्दाला करारात अर्थ नाही. फिटनेस, परवाना, विमा, पीयूसी, चालकाचं लायसन्स आणि बॅज, प्रत्येकाची मुदत संपायची तारीख एका वहीत ठेवा आणि महिनाभर आधी मागा. मे अखेरीला टायर, वायपर आणि छताची गळती स्वतः बघा. पावसात पहिल्या आठवड्यात गाड्या याच तीन गोष्टींनी अडतात.

चालक: पहाटे साडेपाच ते रात्री बारा एकच चालक चालणार नाही. दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे. दोन चालकांचा दर आधीच मागा, नाहीतर ठेकेदार एकालाच जुंपतो.

महिला दुसऱ्या पाळीत ११ पर्यंत थांबणार असतील तर संध्याकाळी ७ नंतरचं काम रात्रीत धरलं जातं. लेखी संमती आणि ने-आण ही दोन्ही लागतात. नेमके चालू नियम कारखाने खात्याच्या कार्यालयातून लेखी घ्या. मार्ग आखताना सगळ्यात शेवटी उतरणारी किंवा सगळ्यात आधी चढणारी बाई एकटी पडत नाही ना, ते बघा. तसं होत असेल तर सोबत रक्षक द्या. आणि महामार्गावर नव्हे, वस्तीत सोडा. खानापूर रोडला जिथे सेवारस्ता आहे तिथे रात्री पलीकडच्या बाजूला उतरवलं तर रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे.

एक आणखी: ईएसआय (कामगार राज्य विमा) कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने कलम ५१ई आलं. घर ते काम या वाटेवरचा अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामातलाच धरला जातो. बसमध्ये रोज कोण चढलं याची हजेरी ठेवलीत तर हा संबंध दाखवायला कामगाराला तीच उपयोगी पडते.

उद्यमबाग_एचआर

सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन फॉर्म भरून घेतले, ३४० पैकी ३०१ आले, गेटची मोजणीही जुळते. सगळ्यात मोठा गट खानापूर रोडचा. पहिल्या पाळीत ३१ जण: १८ दुचाकी, ९ बस, ४ वडाप. दुचाकीवाल्यांतल्या पाच जणांना गाडी दूध आणि शाळेला लागते. बसवाल्यांत ४ महिला आहेत, शून्य तिकिटावर. त्यातल्या दोघींची बस वेळेवर येते, दोघींची नाही. दुसऱ्या पाळीत २२ जण: १७ दुचाकी, ५ बस-वडाप. तिघांना दुचाकी इतर कामाला लागते. ४० सीटची घ्यावी का?

मार्गआखणी

४० ची नको.

पहिली पाळी: १८ दुचाकीतून ५ गेले, राहिले १३. दुचाकीवाला सकाळच्या पाळीला पटकन गाडी सोडत नाही, त्यांतले निम्मे धरा, ६ ते ७. बसवाले ५ पुरुष आणि वेळ न जुळणाऱ्या २ महिला, मिळून ७. वडापवाले ४ चे ४. एकूण १७-१८. रोज दहातला एक गैरहजर धरला तर १६.

दुसरी पाळी: १७ तून ३ गेले, राहिले १४. इथे रात्रीच्या परतीची अडचण आहे, म्हणून दहातले सात येतील असं धरा: १०. अधिक ५, म्हणजे १५. हे निम्मे-सात माझे काम चालवायचे अंदाज आहेत. पहिल्या महिन्याची चढणाऱ्यांची हजेरी बघून बदला. पावसात थोडे वाढतील. २० ते २२ सीटची एकच गाडी दोन्ही पाळ्यांना पुरते.

आता फेऱ्या. ५:५० ला खानापूर, मग प्रभूनगर, देसूर फाटा, झाडशहापूर, मच्छे, पिरनवाडी करत ६:४० ला गेट. दुपारी १:५० ला खानापूरहून दुसरी पाळी घेऊन २:४० ला गेट. तीच गाडी ३:१५ ला पहिल्या पाळीला परत नेते आणि रात्री ११:१५ ला दुसऱ्या पाळीला.

गाडी रात्री कुठे उभी राहते याने मोठा फरक पडतो. एका बाजूचं अंतर २२ किमी धरलं, तर खानापूरला मुक्काम असलेली गाडी दिवसाला सहा वेळा अंतर कापते, १३२ किमी. उद्यमबागेजवळ मुक्काम असेल तर आठ वेळा, १७६ किमी. रोजचे ४४, म्हणजे २६ दिवसांचे ११४४ किमी रिकामे धावतात आणि पैसे तुम्ही भरता. निविदेतच लिहा: गाडी आणि पहाटेचा चालक खानापूरचा हवा.

सुरुवातीला प्रत्येक स्टॉपवर १ मिनिट आणि शेवटी ५ मिनिटं मोकळी ठेवा. पहिले दोन आठवडे चालकाला प्रत्येक स्टॉपची पोचायची वेळ लिहायला सांगा आणि मग वेळापत्रक पक्कं करा. एकदा कागदावर लावलेली वेळ गाडीने आधी गाठली तरी ठरलेल्या मिनिटाआधी स्टॉप सोडायचा नाही. दोन मिनिटं आधी सुटलेली बस ज्याची चुकते, तो दुसऱ्या दिवसापासून दुचाकी काढतो.

येळ्ळूर-अनगोळच्या बाजूला घाई करू नका. अंतर कमी आहे, रेल्वे गेट बंद मिळालं की वेळ कधी पाच तर कधी पंधरा मिनिटांनी हलते. तिथे आधी दुचाकीवर दोघं येणाऱ्यांना शेडमध्ये गेटजवळची जागा राखून द्या, आणि खानापूर रोडची बस तीन महिने चालल्यावर त्या बाजूचे फॉर्म पुन्हा काढा.

उद्यमबाग_एचआर

ठीक. निविदेत मुक्काम खानापूर आणि चालक दोन असं लिहून घेतो. दुसऱ्या पाळीतल्या महिलांचे उतरायचे स्टॉप वस्तीप्रमाणे वेगळे काढून उद्या इथे टाकतो, क्रम तेवढा बघून सांगा.